निर्मळच्या तळ्याची प्रदक्षिणा

प्रवासवर्णन म्हटलें कीं त्यांत हिमालय, निदान महाबळेश्वर तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्ही आज ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहों तो सारा मिळून एका तासाच्या आंतला आहे. देवळाच्या पायऱ्या सोडल्या तर त्यांत चढ नाहीं, दमछाक नाहीं, वाटाड्या लागत नाहीं. बरोबर पाण्याचा तांब्या व फराळाचा डबा एवढें असलें म्हणजे चार वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या म्हातारीपर्यंत कोणासहि तो सुखानें करतां येतो. वसई तालुक्यांत निर्मळ म्हणून गांव आहे. त्या गांवचें तळें उजव्या हाताला ठेवून त्याला एक फेरा घालावयाचा, एवढाच तो प्रवास.

ऐंशी वर्षांची म्हातारी हें आम्हीं उगाच लिहिलेलें नाहीं. ती म्हातारी म्हणजे आमच्या काकू. त्यांचें माहेर निर्मळच्या बाजूचें, सामवेदी ब्राह्मणांचें. १९६३ सालीं लग्न होऊन त्या दादरच्या आमच्या घरांत आल्या. पोटजातीबाहेरचें लग्न म्हणून त्या वेळीं दोन्हीकडे थोडी कुरबूर झाली होती. ती पुढें माहेरच्या सुकेळ्यांच्या गोडीनें मिटली, असें आमचे काका हंसत हंसत सांगत. मात्र गेलीं छत्तीस वर्षें काकूंनीं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. घरांत याविषयीं कोणी बोलत नसे, आणि मुलांना तर काकूंना माहेर होतें हेंच ठाऊक नव्हतें.

यंदा माघांत गुडघ्याच्या डॉक्टरांनीं त्यांना रोज सपाट जमिनीवर चालावयास सांगितलें. दोन दिवस त्या इमारतीच्या अंगणांत चालल्या. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, "या मोटारींभोंवतीं प्रदक्षिणा घालून काय पुण्य लागणार? चालायचेंच आहे तर मला एकदां निर्मळला न्या." घरांत क्षणभर सारे एकमेकांकडे पाहूं लागले. त्याच रविवारीं पहांटे आम्ही लहानमोठीं सात माणसें निघालों.

पश्चिम रेल्वेनें नालासोपारा स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या बाजूस बाहेर पडावें. पूर्वेकडे पाहिलें तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारतींची दाटी. पश्चिमेकडेहि आरंभीं तोच प्रकार. पण रिक्षा सोपाऱ्याच्या जुन्या वस्तींतून पुढें गेली कीं हवा बदलते. हें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकांतील ग्रीक नाविकांच्या ग्रंथांत त्याचें नांव आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं येथील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा याच गांवीं हातीं लागला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुइगांवांत सांपडला. मुलांना हें सारें सांगण्याचा आम्हीं प्रयत्न केला. पण वाटेंत केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या, तेव्हां अशोकाकडे लक्ष कोण देतो?

निर्मळला प्रथम दिसतें तें तळें. तळें म्हणजे चार दगडी पायऱ्या आणि मध्यें हिरवट पाणी अशी मुंबईच्या मुलांची कल्पना. हें पाणी पाहून आमच्या घरांतील धाकट्यानें "हा समुद्र का?" म्हणून विचारलें. समुद्र खरोखरच तेथून फार लांब नाहीं, आणि या गोष्टीचें महत्त्व आम्हांला पुढें कळावयाचें होतें.

या स्थानाची कथा अशी सांगतात कीं विमल नांवाचा एक असुर शिवाचा मोठा भक्त होता. त्यानें ब्राह्मणांस व ऋषींस त्रास दिला, तेव्हां परशुरामानें त्याच्याशीं युद्ध करून त्याचा नाश केला. असुराच्या भक्तीचा मान राहावा म्हणून क्षेत्राला व तीर्थाला त्याच्या नांवाची खूण राहिली. आपल्या पुराणांतील ही एक थोरवी आम्हांस नेहमीं वाटते. शत्रूला मारावें, पण तळें त्याच्या नांवें ठेवावें. टेकाडावर देऊळ आहे. तेथें पीठावरील एका शंकराचार्यांची समाधि आहे अशी श्रद्धा असून त्यांच्या पादुकांचें दर्शन घेतात. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि त्यांच्या अमलांत या मुलखांतील देवळांची जी वाताहत झाली तींतून निर्मळहि सुटलें नाहीं. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनीं या क्षेत्राचा जीर्णोद्धार केला. कार्तिक वद्य एकादशीस, म्हणजे आळंदीस माउलीची यात्रा भरते त्याच दिवशीं, येथेंहि मोठी यात्रा सुरू होते. सुकेळीं घ्यावयाचीं तीं याच यात्रेंत. राजेळी केळीं सोलून कांहीं दिवस उन्हांत वाळवितात. मग तीं मधाच्या रंगाचीं होतात व वाळक्या पानांत बांधून विकावयास येतात. आम्ही माघांत गेल्यामुळें सुकेळीं मिळालीं नाहींत, हें या प्रवासांतील एक वैगुण्य.

काकू पायऱ्या चढल्या. दोन्ही बाजूंनीं धरावयास आम्ही पुढें झालों तों त्यांनीं हात झटकला. दर्शन घेऊन खालीं आल्यावर पदर खोंचला व म्हणाल्या, "चला. तळें उजव्या हाताला. उलटें कोणी फिरायचें नाहीं."

सकाळचे आठ वाजले असतील. पाण्यावर पातळ धुकें होतें. काठाच्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. खंड्या पाण्यांत सूर मारी आणि पुन्हां तारेवर येऊन बसे. आमच्याकडील दोन मुलांनीं खंड्याचे सूर मोजावयास घेतले, आणि चौदापर्यंत मोजून त्यांचें भांडण झालें. काठाकाठानें थोडें चालल्यावर रस्ता वाड्यांतून जातो. वाडी म्हणजे बागाईत. एका कुडापलीकडे केळी, दुसऱ्या कुडापलीकडे सोनचाफा व मोगरा, मधून नारळ, कोठें अळूचा ओला वाफा. येथील फुलें पहिल्या गाड्यांनीं दादरच्या बाजारांत जातात. आमच्या देवघरांतील चाफा कोठून येतो हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. दादरांत राहून ही गोष्ट ठाऊक नसावी याची थोडी लाजहि वाटली.

या वाड्यांना पाणी पुरवी तें विहिरींनीं आणि बावखलांनीं. बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा ऐकूं येत नाहीं. तें विहिरीपेक्षां पसरट व तळ्यापेक्षां लहान असें खोदलेलें पाणसांठवण. पावसानें भरतें, तळच्या झऱ्यांनीं जिवंत राहतें, आणि त्यांत उतरून पाणी भरावें असा त्याचा एक कांठ उतरता ठेवलेला असतो. पूर्वीं विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा फिरे, पोहऱ्यांची माळ वर येई आणि पाटानें पाणी बागेंत जाई. पुष्कळशीं बावखलें आतां बुजलीं. जेथें बावखल होतें तेथें दुमजली घर उभें आहे असें काकू दोन ठिकाणीं बोट करून म्हणाल्या. एका ठिकाणीं मात्र तें तसेंच होतें, भोंवतीं भेंडीचीं झाडें, आंत आभाळ.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. ज्यांस कंटाळा येईल त्यांनीं हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण न गाळावा अशी आमची विनंति आहे. समुद्राकांठच्या अशा सखल भूमींत जमिनीखालीं गोडें व खारें दोन्ही पाणी असतें. पावसाचें गोडें पाणी वजनानें हलकें; तें समुद्राच्या जड पाण्यावर, तुपावर तूप ओतावें तसें मिसळून न जातां, ताकावर लोणी यावें तसें तरंगून राहतें. या दोन पाण्यांच्या वजनांतला फरक फार थोडा, हजारीं पंचवीस एवढाच. त्यामुळें गोडें पाणी समुद्रसपाटीच्या वर एक हात उभें असेल तर त्याचा थर खालीं सुमारें चाळीस हात खोल जातो. हिशेब आनंदाचा खरा, पण तो उलटाहि चालतो. उपसा करून वरची पातळी एक हात खालीं आणली कीं खालून खारें पाणी चाळीस हात वर सरकूं पाहतें. पावसाळ्यांत ऐंशी इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गांवाची विहीर उन्हाळ्यांत मचूळ कां होते, त्याचें उत्तर एवढेंच आहे. आणि तळ्यांचें, बावखलांचें कामहि यावरून लक्षांत येईल. हीं नुसतीं आंघोळीचीं वा शोभेचीं स्थानें नव्हत. पाऊस समुद्राकडे धांवत सुटतो, त्याला तीं धरून ठेवतात व हळूहळू जमिनींत मुरवितात. ज्या तळ्याला आम्ही फेरा घालीत होतों तें भोंवतालच्या सर्व विहिरींची जणूं ठेवच आहे.

हें सांगणारे आमचे घरचे एक इंजिनिअर. त्यांचें बोलणें ऐकतां ऐकतां काकू थांबल्या. म्हणाल्या, "हें मी दादाला सांगितलें होतें. मला हात-बीत कांहीं ठाऊक नव्हते, पण सांगितलें होतें."

आणि मग छत्तीस वर्षें न सांगितलेली गोष्ट त्यांनीं त्या बावखलाच्या कांठीं सांगितली. १९८० नंतर मुंबईच्या उत्तरेस इमारती भराभर उठूं लागल्या. इमारती झाल्या, पण नळ नव्हता. तेव्हां पश्चिमेकडील बागाइतांतल्या विहिरींचें पाणी टँकरांत भरून पूर्वेच्या इमारतींना विकण्याचा धंदा सुरू झाला. बैलाच्या रहाटानें जें पाणी दिवसभरांत निघे तें विजेचा पंप घटकेंत काढी. काकूंचे थोरले बंधू, म्हणजे दादा, यांनींहि आपली विहीर टँकरवाल्यास दिली. त्या विहिरीवर पानवेलीचा मळा होता. दुसऱ्याच उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालें आणि वेल वरून वाळत आले. काकू भाऊबीजेस गेल्या होत्या. त्यांनीं ओवाळलें नाहीं, ताट खालीं ठेवून म्हणाल्या, "बाबांनीं या विहिरीवर आम्हां चौघींचीं लग्नें केलीं, आणि तूं ती टँकरवाल्याला दिलीस." दादा म्हणाले, "मलाहि दोन मुली उजवायच्या आहेत, आक्का." त्यांचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. पानांना त्या वर्षीं भाव नव्हता, आणि टँकरवाला रोकड देई. परंतु बहीणभाऊ त्या दिवसापासून एकमेकांशीं बोलले नाहींत. २०२० च्या टाळेबंदींत दादा वारले. त्या वेळीं आगगाड्या बंद, रस्ते बंद. दादरहून वसईस जाणें शक्य नव्हतें. काकूंनीं घरींच स्नान केलें, एवढें आम्हांला आठवतें.

पुढें वाट ख्रिस्ती वस्तींतून जाते. कौलारू घरें, ओटीवर झोपाळा, दाराशीं तुळशीवृंदावन असावें तेथें क्रूस; बाकी सारें आपल्यासारखेंच. तसें तें असावयाचेंच. येथील कुपारी ख्रिस्ती लोक आपला मूळ पुरुष सामवेदी ब्राह्मण असल्याचें सांगतात. धर्म बदलला, आडनांवें पोर्तुगीज झालीं. पण बोली तीच राहिली. सामवेदी ब्राह्मण व कुपारी घरांत एकच बोली बोलतात, आणि ती ऐकून पुण्याच्या माणसास अर्ध्याहून अधिक कळत नाहीं. आम्हांला तरी कळली नाहीं.

एका ओटीवर तांबडें लुगडें नेसलेली एक वृद्ध बाई शेंगा सोलीत बसली होती. काकूंनीं तिला पाणी मागितलें. पाणी मागितलें तें आमच्या मराठींत. तिनें विचारलें तें तिच्या बोलींत, आणि काकूंच्या तोंडून उत्तर निघालें तें त्याच बोलींत. आम्ही अवाक् झालों. साठ वर्षें आमच्या घरांत राहून काकूंनीं ही बोली कधीं तोंडावर आणली नव्हती. दोघींचें बोलणें लांबलें. कोणाचा वाडा, कोणाची विहीर, कोणाचा पाट कोठून जाई, अशी ओळख लागत गेली. आम्ही ओटीच्या कडेला बसून शेंगदाणे खाल्ले. पूर्वींच्या काळीं या ओटीवर पाणी पितांना आमच्या आजीनें केवढा विचार केला असता, तें मनांत येऊन गेलें. काकूंनीं मात्र पेला रिकामा करून पुन्हां पुढें केला.

निघाल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं त्या बाईचें बोलणें सांगितलें. वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल कीं १९८८ च्या सुमारास येथें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. बागाइती जमिनीवर इमारती उठवूं नका व विहिरींचा उपसा थांबवा, एवढें तिचें मागणें. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जवळच्याच नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून व 'सुबोध बायबल' या ग्रंथामुळें ते सर्वांस परिचित आहेत. २०२० मध्यें उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ च्या जुलैमध्यें ते निवर्तले. त्या चळवळींत पाद्री व पुरोहित, आगरी व वाडवळ, हजारों माणसें रस्त्यावर आलीं. धमक्या आल्या तरी मागें फिरलीं नाहींत. २००९ सालीं महानगरपालिका झाली तेव्हांहि येथील गांवांनीं असाच विरोध केला. त्या बाईनें सांगितलें तें इतकेंच, कीं तहसील कचेरीवरच्या मोर्च्यांत काकूंचे दादा तिच्या नवऱ्याबरोबर चालत होते. घरचा पंप विकून आलों म्हणून त्यांनीं वाटेंत सांगितलें होतें.

"मला कोणीं कळवलें नाहीं," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, "मीहि विचारलें नाहीं."

पुढला टप्पा आम्ही भराभर चाललों, कारण ऊन चढलें होतें आणि धाकट्याला भूक लागली होती. चर्चची घंटा झाली. रविवारची प्रार्थना आटोपून बायकामुलें बाहेर पडत होतीं. समोर देवळाच्या बाजूनें आरतीची झांज ऐकूं येत होती. फेरा पुरा झाला तेव्हां घड्याळांत पाहिलें. शेंगदाण्यांचा वेळ वजा जातां पाऊण तासाला पांच मिनिटें कमी. गुडघ्याविषयीं कोणी विचारलें नाहीं व काकूंनींहि सांगितलें नाहीं. आम्ही पारावर दशम्या सोडल्या. काकूंनीं दशमी घेतली नाहीं. "मी माहेरीं खाईन," म्हणाल्या.

भाचा घरीं होता. तो बँकेंत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशीं बाग पाहतो. आत्याला दारांत पाहून त्याला काय बोलावें सुचेना. त्यानें वांकून नमस्कार केला, बायकोला हांक मारली, आणि आम्हां सातांना बसावयास चटया कमी पडल्या म्हणून उगाच धांवाधांव केली. पानवेल गेली ती गेलीच. त्या जागीं आतां सोनचाफ्याचीं झाडें आहेत. गांवांत सूर्या नदीचें पाणी नळानें येतें, तेव्हां प्यावयाच्या पाण्यासाठीं विहिरीवर अवलंबून कोणी नाहीं. तरीहि विहीर स्वच्छ होती. कौलांवरचें पावसाचें पाणी पन्हळींतून, वाळू व खडीच्या गाळणींतून विहिरींत सोडलेलें आम्ही पाहिलें. आमच्या इंजिनिअरांनीं ती रचना वांकून वांकून पाहिली. "हें केव्हांपासून?" असें त्यांनीं विचारलें.

"बाबांनीं सुरू केलें," भाचा म्हणाला. "मोर्च्याच्या पुढल्या पावसाळ्यापासून. दरवर्षीं मे महिन्यांत पाणी चाखून बघत."

"मला कळवायचें होतेंस," काकू म्हणाल्या.

"मी म्हटलें होतें, आत्या. ते म्हणत, पाणी गोड झालें म्हणजे कळवूं."

काकू विहिरीच्या कठड्याशीं गेल्या. पोहरा सोडावयास त्यांनीं कोणास हात लावूं दिला नाहीं. दोर त्यांच्या हातांत सरसर उतरला आणि वर येतांना मात्र भाच्यानें धरला. त्यांनीं ओंजळ भरून तोंडास लावली, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"अजून नाहीं झालें," त्या म्हणाल्या, आणि ओंजळींतलें उरलेलें पाणी पिऊन टाकलें.